गेम चांगला बनलाय पण खेळायला कोणी येत नाही: शहाद्याच्या एका मुलाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. मुलगा शहाद्याचा, पुण्यात आयटीत नोकरीला. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून एकट्याने मोबाईल गेम बनवलाय. सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा पळतोय, समोर अडथळे येतात, उड्या मारायच्या, नाणी गोळा करायची, म्हणजे एंडलेस रनर. बनवण्यात दीड वर्ष गेलं, प्ले स्टोअरवर टाकून काही महिने झाले, डाऊनलोड चारशेच्या आतच आणि त्यातले निम्मे मित्र-नातेवाईक. विचारतोय की मार्केटिंगला पंचवीस हजार टाकू का, पैसे लावून खेळायचा मोड टाकला तर चालेल का, आणि नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरू का.

मी जळगावात बसून बरीच वर्षं हेच काम करतोय, स्वतःचे गेम पण आणि दुसऱ्यांचे पण, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पंचवीस हजार टाकू नको भाऊ, निदान आत्ता तरी नको. का ते हिशोब करूनच बघ. समजा जाहिरातीतून एक इन्स्टॉल तुला आठ रुपयाला पडलं, म्हणजे पंचवीस हजारात साधारण ३,१०० लोक आले. आता एक माणूस गेम डिलीट करेपर्यंत सरासरी सहा जाहिराती बघतो असं धर, आणि भारतात हजार जाहिरातींमागे चाळीस रुपये मिळतात असं धर, तर एका माणसामागे तुला मिळाले चोवीस पैसे. आठ रुपये घातले, चोवीस पैसे आले, पंचवीस हजाराचे साडेसातशे झाले. हे आकडे मी फक्त समजावायला धरलेत, तू तुझे खरे टाकून बघ, पण फरक इतका मोठा आहे की थोडं इकडेतिकडे झाल्याने चित्र बदलणार नाही. मोठ्या कंपन्या एका खेळाडूसाठी शंभर-दोनशे रुपये सुद्धा मोजतात कारण त्यांच्या गेममध्ये काही टक्के लोक हजारोंची खरेदी करतात आणि ते सगळं गणित त्यांनी आधी तपासलेलं असतं. जाहिरातीची जागा लिलावाने विकली जाते, आणि त्या लिलावात तू त्यांच्याच शेजारी उभा राहून बोली लावणार. त्यात एप्रिल २०२१ ला आयफोनचं सॉफ्टवेअर आयओएस १४.५ आलं आणि अ‍ॅपलने ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारायला लावली, तेव्हापासून आयफोनवर नेमका आपला खेळाडू शोधून त्यालाच जाहिरात दाखवणं अवघड झालं आणि लहान माणसाचा उरलासुरला फायदा पण गेला.

म्हणजे पैसे देऊन गर्दी आणणं हा रस्ता आपल्यासाठी नाही, किंवा फार उशिरा आहे. मग आधी काय बघायचं तर आलेला माणूस टिकतो का. याला रिटेन्शन म्हणतात. आज इन्स्टॉल केलेल्या शंभरातले किती उद्या परत आले, किती सातव्या दिवशी, किती तिसाव्या दिवशी. जुना ठोकताळा ४०-२०-१० असा आहे, बहुतेक गेम त्याच्या बरेच खाली असतात, पण पहिल्या दिवसाचा, म्हणजे उद्या परत येणाऱ्यांचा, आकडा जर दहा-बाराच्या आसपास लोळत असेल तर वरून कितीही लोक ओता, खाली काही उरत नाही. फायरबेस किंवा गेमअ‍ॅनालिटिक्स ही मोजायची टूल्स फुकट आहेत, आजच बसव. आणि तुझ्या चारशेतले ओळखीचे बाजूला काढून मगच आकडा वाच, कारण तुझा मावसभाऊ गेम उघडतो तो गेमसाठी नाही, तुझ्यासाठी.

माझ्या मते सगळ्या अडचणींचं मूळ इथेच आहे. दीड वर्षात तुझा गेम एकाही परक्या माणसाच्या हातात गेला नाही. ग्राफिक्स बघितले मी, घोड्याचं पळणं छानच जमलंय, यात्रेचे तंबू, मागे तापी, मेहनत दिसते. पण "मस्त झालाय रे" हे सर्टिफिकेट तुला रूममेटने दिलंय, आणि रूममेट कधी खोटं बोलत नाही पण खरं पण सांगत नाही. आपल्यासारख्या एकट्या-दुकट्या डेव्हलपरकडे कोडिंग येतं, चित्र जमतं, चिकाटी तर भरपूर असते, पण ज्याचं आपल्याशी काही देणंघेणं नाही असा माणूस गेम कधी बंद करतो हे बघायची सोय नसते, आणि मुद्दाम करावी लागते, पहिल्या महिन्यात करावी लागते, रिलीजनंतर नाही.

आता तुझ्या गेमचं बोलू. टेम्पल रन २०११ चा, सबवे सर्फर्स २०१२ चा. एवढी वर्षं झाली तरी लोक खेळताहेत आणि मागे टीम बसून सतत नवीन माल टाकतेय. ज्याला पळायचा गेम हवाय त्याच्या फोनमध्ये तो आधीच आहे. तुझा घोडा त्यांच्यापेक्षा वाईट पळतो असं नाही, पण तो काढून हा ठेवावा याला त्या माणसाकडे कारण नाही. सारंगखेडा तू फक्त चित्रात आणलास, खेळात नाही आणला.

खरं सांगू का, मला तुझी कल्पना वाचून आधी फार आनंद झाला होता कारण त्या यात्रेत गेम आहेच, तो पळण्यात नाहीये. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत लोक लांबून घोडे घेऊन येतात ते काय करायला? सौदा करायला. घोड्याचा दात बघून वय ओळखायचं, रेवाल चाल (स्वाराला धक्का न बसणारी) खरी आहे का दाखवण्यापुरती आहे ते बघायचं, पंचकल्याणी (चार पाय आणि तोंडावर पांढरं) आहे म्हणून मालक भाव चढवतोय, अंगावरचा केसांचा भोवरा कुठे आहे त्यावरून गिऱ्हाईक भाव पाडतंय. आणि आपल्याकडे बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायची जुनी पद्धत आहे, बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. हे सगळं एका अंगठ्याने खेळता येईल असं आहे. समोरचा किती बोट दाबतोय, तू किती दाबणार, कधी हात सोडून निघून जाणार, तो मागून हाक मारेल का नाही. दोन मिनिटांचा एक सौदा, मग पुढचा घोडा, खिशातले पैसे तेवढेच. असा गेम स्टोअरवर मला तरी दिसला नाही आणि त्याचा आयकॉन सुद्धा बाकीच्यांपेक्षा वेगळा दिसेल. ब्राझीलमधल्या माणसाला सारंगखेडा माहीत नसलं तरी घासाघीस सगळ्या जगाला कळते.

गावाकडचा विषय घेतला म्हणजे गेम चालेल असं मात्र बिलकुल समजू नको. कानबाईच्या सणाचा विषय घ्या, अहिराणी डायलॉग टाका, केळीच्या बागा दाखवा, त्याने आपल्या भागातले लोक एक दिवस कौतुक करतील, स्टेटसला ठेवतील. दुसऱ्या दिवशी परत यायला खेळच लागतो. म्हणून आधी साध्या चौकोनांवर प्रोटोटाईप, म्हणजे कच्चा नमुना, कर, घोड्याच्या जागी चौकोन, माणसाच्या जागी गोल. चौकोनावर मजा आली तरच घोडा काढ.

हा प्रोटोटाईप तीन-चार आठवड्यांत होतो, दीड वर्ष लागत नाही. तो झाला की अनोळखी माणसं शोध. वेब बिल्ड, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती, काढून इच डॉट आयओवर टाक, तिथे जगभरचे लोक नुसते नवीन काहीतरी खेळायला येतात, शक्यतो एखाद्या गेम जॅममध्ये (ठरलेल्या वेळात गेम बनवायचा मेळावा) त्याचं छोटं रूप नव्याने बनवून टाक म्हणजे बाकीचे भाग घेणारे स्वतःहून खेळून बघतात आणि लिहितात. लुडम डेअर आहे, जानेवारीतला ग्लोबल गेम जॅम आहे. आणि दुसरी जागा आपली नेहमीचीच, एसटी स्टँड, भुसावळ जंक्शनचा प्लॅटफॉर्म, गाडी लेट आहे आणि माणूस फोन बघत बसलाय. "दादा दोन मिनिटं हे खेळून बघता का" एवढं म्हण आणि मग तोंड बंद ठेव. इथे टॅप करा, असं नाही तसं, हे काही सांगायचं नाही. तो कुठे अडकतो, अंगठा कुठे जातो, कधी फोन परत देतो, फक्त एवढं बघ. पाच माणसांत तुला ट्युटोरियलमधल्या चुका दिसतील, वीस माणसांत कळेल की गेममध्ये जीव आहे का नाही. यात्रेच्या दिवसात तर सारंगखेड्यालाच जा, घोड्यावाल्यांच्याच हातात दे, सौद्यात खोट कुठे आहे ते त्यांच्याएवढं कोणी सांगणार नाही.

कल्पना चोरीला जाईल म्हणून लपवून ठेवू नको. भीती खरी आहे, नाही म्हणत नाही. थ्रीज नावाचा आकडे जोडायचा गेम फेब्रुवारी २०१४ ला आला, बनवणाऱ्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घासलं होतं, आणि लगोलग मार्चमध्ये २०४८ आला, एका इटालियन पोराने एका वीकेंडमध्ये बनवलेला आणि फुकट, जगाला तोच लक्षात राहिला. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचं तर मोबाईल व्हर्जन डिसेंबर २०२२ ला येईपर्यंत मोबाईलवर त्याच्या नकला भरून गेल्या होत्या. पण बघ, दोन्ही वेळेला नक्कल झाली ती गेम लोकांना आवडतोय हे दिसल्यावरच. ज्याला कोणी खेळत नाही त्याची कोणी नक्कल करत नाही. आपल्या टप्प्यावर खरा धोका नकलेचा नाहीच, कोणाला पत्ताच न लागण्याचा आहे.

आता फोनचं. हे पुण्यातल्या एसी ऑफिसात बसून कळत नाही म्हणून जास्त लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो. तीन-चार जीबी रॅमचा स्वस्तातला फोन, स्क्रीनचा ब्राइटनेस फुल कारण उन्हात दिसत नाही, चार्जिंगला लावलेला, आणि त्यावर तुझा थ्री-डी गेम सेकंदाला साठ फ्रेमने पळतोय. पाच-सात मिनिटांत फोन तापतो, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. खेळणारा म्हणत नाही की फोन तापला, तो म्हणतो गेम हँग होतो, एक स्टार देतो आणि काढून टाकतो. तुझ्या रिव्ह्यूत दोघांनी "लॅग" लिहिलंय ते बहुतेक हेच आहे. सौद्याच्या गेमला साठ फ्रेम लागतच नाहीत, तीसवर बांधून टाक, रिअल टाईम सावल्या बंद कर, धूळ उडवायचे पार्टिकल निम्मे कर, एकावर एक पारदर्शक थर चढवू नको. एक जुना स्वस्त फोन विकत घे, दुपारी दोन वाजता गच्चीवर सावलीत बसून सलग वीस मिनिटं खेळ. तिथे टिकला तर कुठेही टिकेल, आणि अशा फोनवर चालणारा गेम इंडोनेशियात, नायजेरियात पण चालतो, तिकडचे फोन असेच आहेत.

प्ले स्टोअर सुद्धा हे मोजतं. दिवसाला जेवढे लोक गेम वापरतात त्यातल्या १.०९ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना क्रॅश दिसला, किंवा ०.४७ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांचा गेम गोठला, तर गुगल तुझा गेम लोकांना कमी दाखवतं. एखाद्या ठराविक मॉडेलवर ८ टक्के ओलांडले तर त्या मॉडेलवाल्यांना वेगळी वॉर्निंग पण दिसू शकते. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे तू गेम अपलोड करतोस तिथे, अँड्रॉईड व्हायटल्स म्हणून पान आहे, रोज उघडून बघायची सवय लाव. साईझचं पण तसंच, गुगलच्याच लोकांनी २०१७ मध्ये सांगितलं होतं की दर ६ एमबी वाढीला इन्स्टॉल साधारण एक टक्क्याने घसरतं. तुझा गेम १४० एमबीचा आहे, त्यात म्युझिकच किती आहे बघ.

स्टोअरचं पान तू रिलीजच्या रात्री घाईत भरलेलं दिसतंय. नाव ३० अक्षरांत, छोटं वर्णन ८० अक्षरांत, त्यात काय खेळायचं ते यायला पाहिजे. पहिल्या दोन स्क्रीनशॉटमध्ये मेनू टाकू नको, खेळ टाक. आयकॉनचे दोन-तीन प्रकार करून स्टोअर लिस्टिंग एक्सपेरिमेंट लाव, म्हणजे कोणत्या आयकॉनवर जास्त लोक इन्स्टॉल करतात ते कळेल, फुकट आहे, पण रोज चार माणसं येत असतील तर त्याला निकाल द्यायला महिने लागतील हे पण लक्षात ठेव. मराठी, हिंदी, पोर्तुगीज, इंडोनेशियन एवढ्या भाषांत पान लिहून घे, शब्द थोडेच असतात.

नवीन मुलांसाठी एक सांगून ठेवतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं पर्सनल अकाउंट असेल तर पब्लिश करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे ठराविक लोकांनाच गेम देऊन चाचणी, करावंच लागतं, आधी २० टेस्टर लागायचे, आता १२, सलग १४ दिवस. त्यासाठी टेलिग्रामवर "तू माझा टेस्ट कर मी तुझा करतो" चालतं, पैसे घेऊन टेस्टर देणारे पण आहेत. ते लोक तुझा गेम उघडून बंद करतात, त्यांच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नका. कॉलेजचे बारा मित्र घ्या, नियम पूर्ण करा, आणि खरी परीक्षा मी वर सांगितली तशी वेगळी घ्या.

जाहिरातींबद्दल. पहिल्या तीन मिनिटांत फुल स्क्रीन जाहिरात दाखवू नको, तुझ्या गेममध्ये पहिल्याच मरणानंतर येते, माणूस तिथेच उठतो. रिवॉर्डेड ठेव, म्हणजे त्याच्या मर्जीने बघेल आणि काहीतरी मिळेल. क्रॉसी रोड २०१४ च्या शेवटी आला, दोन-तीन माणसांचं काम, पहिल्या तीन महिन्यांत एक कोटी डॉलर कमावले आणि त्यातले साधारण तीस लाख डॉलर अशा मर्जीच्या व्हिडिओंचे होते. तेवढं यश रोज होत नाही पण पद्धत बरोबर होती, कुणाची अडवणूक नाही. सौद्याच्या गेममध्ये हे अगदी बसतं, जाहिरात बघ आणि घोड्याचा दात अजून एकदा तपासायला मिळेल. आणि मित्रांना हात जोडून सांग की मदत म्हणून जाहिरातींवर क्लिक करू नका. एकाच हॉस्टेलमधून दहा जण रोज क्लिक करायला लागले की सिस्टिमला तो बनावट ट्रॅफिक वाटतो आणि गुगलच्या जाहिरात सेवेचं, म्हणजे अ‍ॅडमॉबचं खातं बंद होतं, ते परत मिळवणं फार कठीण. स्वतः टेस्ट करताना टेस्ट आयडीच वापर.

कमाई दहा डॉलर झाली की पत्ता तपासायला पिन साध्या पोस्टाने येतो, आणि शंभर डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. रूम बदलत असशील तर गावाकडचा पत्ता दे, पोस्टमनच्या ओळखीतला, पिनकोडसकट नीट लिहून.

पैसे लावून खेळायच्या मोडचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. ऑगस्ट २०२५ ला केंद्राने ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम चालवायला बंदी आहे, कौशल्याचा आहे का नशिबाचा हा वाद पण त्यात उरला नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. अक्षय्य तृतीयेला, आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे डाव बसतात म्हणून तसं काहीतरी ऑनलाईन करू असं अजून एक-दोघांनी मला विचारलंय, त्यांनाही हेच उत्तर. आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हणालो असतो. आपल्या भागात कापसाचे पैसे हातात आल्यावर मोबाईलवर उडवून बसलेली पोरं मी बघितलीत, त्यांच्या आयांना काय सहन करावं लागतं ते पण बघितलंय, त्यातून चार पैसे मिळवावेत असं आपल्याला वाटता कामा नये. अ‍ॅडमॉबमध्ये जुगाराच्या जाहिरातींची कॅटेगरी पण बंद असल्याची खात्री करून घे.

इंजिन, म्हणजे गेम ज्यात बनवतो ते सॉफ्टवेअर, बदलायचं का असं मध्येच विचारलंयस, त्यावर वेळ घालवू नको. युनिटीने सप्टेंबर २०२३ ला दर इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, लोक भडकले, वर्षभराने ती रद्द झाली. गोडो हे दुसरं इंजिन मोफत आणि मुक्त आहे, टू-डी साठी मस्त आहे. जे येतं त्यात बनव. आयफोनचं नंतर बघ, वर्षाला ९९ डॉलर आणि बिल्डला मॅक लागतो, प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर तू भरलेच आहेत.

राहिला नोकरीचा प्रश्न. नको सोडू. फ्लॅपी बर्डचं उदाहरण दिलंयस, एका माणसाने बनवला आणि जग वेडं झालं. तो मे २०१३ ला आला, गाजला जानेवारी २०१४ ला, आणि फेब्रुवारीत त्या माणसाने स्वतःच काढून टाकला. मधल्या काळात नेमकं काय घडलं ते धडपणे कोणाला सांगता येत नाही, म्हणून त्यावर घर चालवायचा प्लॅन बांधता येत नाही. अमंग अस जून २०१८ ला आला आणि २०२० मध्ये वर गेला, पण ती दोन वर्षं तो बनवणारी तीन माणसं त्याला धरून होती, अपडेट टाकत होती, आणि तसं धरून बसायला खिशात महिन्याचा खर्च लागतो. तो खर्च तुझी नोकरी देतेय. घरचे म्हणत असतील की पोरगं रात्रभर गेम खेळत बसतं, त्यांच्याशी वाद घालू नको, पगार येतोय तोवर ते पण झोपू देतील.

सोडायचा विचार कधी करायचा ते सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, गेममध्ये अनोळखी लोकांचा पहिल्या दिवसाचा आकडा तीसच्या वर टिकतोय, आणि मागचे सहा महिने जाहिरात व खरेदी मिळून तुझ्या पगाराच्या निम्मे तरी दर महिन्याला सलग आलेत, एखाद्या महिन्यात उसळी मारून नाही. तीनही असतील तेव्हा परत विचार. तोपर्यंत धावणाऱ्या घोड्याचा गेम स्टोअरवर राहू दे, त्यातली पहिल्या मरणानंतरची जाहिरात तेवढी आज रात्रीच काढ, आणि सौद्याचा प्रोटोटाईप चौकोनांवर सुरू कर. वेब लिंक झाली की पाठव, मी इथे चोपडा-अमळनेरच्या पोरांना खेळायला देतो, ते तुला ओळखत नाहीत.